धुळ्याहून आलेलं प्रवाळ

शुक्रवारी, नऊ मे रोजी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी प्रवाळ मिटलं. जळगावात तेव्हा चव्वेचाळीस अंश होते आणि काचेच्या पेटीतलं पाणी सव्वीस अंशांवर होतं. वीज होती, पंप चालू होता, दोन्ही मासे फिरत होते. वेळ नक्की सांगता येते, कारण लताबाई पेटीसमोर स्टूल टाकून बसल्या होत्या आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मुलाला फोन लावला.

"भाऊ, तिनी बठ्ठा हात आवरी लिधात." सगळे हात तिने आवरून घेतले, असं त्या आपल्या अहिराणीत सांगत होत्या.

हितेंद्र तेव्हा कामावर होता. शहराबाहेरच्या एका टिश्यू कल्चर नर्सरीत तो केळीच्या रोपांचं हार्डनिंग बघतो. बाटलीत वाढलेल्या रोपाच्या पानावर मेणाचा थर नसतो. ते थेट उन्हात ठेवलं तर तासाभरात करपतं. म्हणून ते आधी धुक्यासारख्या फवाऱ्याखाली, मग दाट जाळीखाली, मग विरळ जाळीखाली ठेवतात. हवेची सवय लावायची, एवढंच काम. हितेंद्र ते सतरा वर्षं करतो आहे. नर्सरीतले लोक म्हणतात, त्याने हात लावलेलं रोप मरायला लाजतं.

याच कारणासाठी ते प्रवाळ त्याच्याकडे आलं होतं.

ते मूळचं नवीनचं. नवीन त्याचा कॉलेजचा मित्र, धुळ्यात चष्म्याचं दुकान चालवतो. सहा वर्षांपूर्वी त्याने परदेशातल्या प्रवाळशेतीत वाढवलेला, रीतसर कागदांसह आलेला अंगठ्याएवढा तुकडा घेतला होता. सहा वर्षांत तो बशीएवढा झाला. आकार अळंबीसारखा: खाली जाड देठ, वर पसरट टोपी, रंग ओल्या मातीचा. बारा एप्रिलला दुपारी नवीन दुकानात असताना त्याच्या पेटीचा एक सांधा उसवला आणि चारशे लिटर खारं पाणी घरभर झालं. तो आला तेव्हा तीन तास उलटून गेले होते. मासे गेले होते, बाकीची प्रवाळं गेली होती. हे एक भिजलेल्या पडद्याखाली फरशीवर पडलं होतं. नवीनने उचललं तेव्हा ते आकसलं. म्हणजे जिवंत होतं.

चौदा तारखेला सुटी होती. हितेंद्र धुळ्याला गेला आणि थर्माकोलच्या खोक्यात प्रवाळ घेऊन पारोळा, एरंडोल करत दुपारपर्यंत परतला. निघताना नवीन गाडीच्या खिडकीशी उभा होता.

"हे तुझ्याकडे मेलं तरी मी तुला काही म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण मेलं तर फोनवर सांगू नको भो. इथे येऊन सांग."

"आणि जगलं तर?"

"तर मी येईन."

हितेंद्रची पेटी दोनशे लिटरची. त्यात वर्षभर दोन मासे आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या सात गोगलगायी होत्या. प्रवाळ त्याने कधी ठेवलं नव्हतं. त्याने जे येत होतं ते केलं. प्रवाळ धुळ्याच्या पाण्यासकट बादलीत ठेवलं आणि पेटीतून ठिबकची नळी सोडली, टोकाला तासाला दोन लिटरचा ड्रीपर. चार तासांत बादलीतलं पाणी थेंबाथेंबाने जळगावचं झालं. मग प्रवाळ पेटीत तळाशी ठेवलं आणि दिव्याखाली हिरव्या शेडनेटचे दोन थर ताणले. नर्सरीतलं छापील कार्ड पेटीच्या काचेवर चिकटवलं: तारीख, तापमान, खारेपणा, स्थिती, शेरा.

नवीनने फोटो बघून फोन केला. "हित्या, तू त्याला केळी समजतोय."

"मग तू सांग, काय करू?"

नवीनने फोटो पुन्हा नीट बघितला. "आहे ते बरोबरच आहे," तो म्हणाला. "जाळी सहा दिवसांनी एक काढ."

आठ दिवस कार्डावर एकच शब्द होता: मिटलेलं. टोपीवर मेणासारखी चकचकीत साय धरली होती. हे वाईट की चांगलं, ते आठ दिवस कुणालाच माहीत नव्हतं. बावीस तारखेला ती साय कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटून पाण्यात वाहून गेली. कात टाकली होती.

तेवीस तारखेला, बुधवारी, सकाळी अकरा वाजता ते उघडलं.

हितेंद्रची बायको डिंपल ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. परीक्षा आटोपल्यामुळे ती घरी होती. तिने हितेंद्रला नर्सरीतून बोलावून घेतलं आणि तो वीस मिनिटांत पोचला. टोपीच्या सगळ्या पृष्ठभागातून, जिथे काल नुसतं कातडं होतं तिथून, बोटाच्या पेराएवढे शेकडो देठ वर आले होते. प्रत्येकाच्या टोकाला एक फिकट पिवळी चांदणी. पाण्याच्या लहरीबरोबर सगळी टोपी एकदम डावीकडे झुकायची, मग एकदम उजवीकडे, वाऱ्यावरच्या ज्वारीसारखी. पण ज्वारी वाऱ्यानंतर तशीच राहते. इथे मासा जवळून गेला की तेवढ्या भागातल्या चांदण्या मिटायच्या आणि मासा गेला की एकेक करून पुन्हा उघडायच्या.

हितेंद्रने खिशातून भिंग काढलं. पानावरची कोळी कीड बघायला तो ते नेहमी जवळ ठेवतो. त्याने काचेला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"काय दिसतंय?" डिंपलने विचारलं.

"प्रत्येकाला तोंड आहे."

"असणारच. प्राणी आहेत ते. एक नाही, शेकडो. सगळ्यांचं मिळून एक अंग."

"आणि हा मातकट रंग?"

"ते शेवाळ. त्यांच्या मांसाच्या आत राहतं. उजेड खाऊन साखर करतं आणि यांना देतं."

सतरा वर्षं रोपं जगवणारा माणूस भिंग हातात धरून उभा राहिला. रोप प्राण्याच्या पोटात राहतं आणि दोघं एकमेकांना जगवतात, हे त्याला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे त्याने जाळी लावली ती बरोबर ठिकाणीच लावली होती.

लताबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. हितेंद्रची आई, वय अडुसष्ट, माहेर दोंडाईचाकडचं. वर्षभर त्या पेटीला "खाऱ्या पाण्याचा हौद" म्हणत आणि तिच्याकडे फारसं बघत नसत. हितेंद्रने त्यांना स्टुलावर बसवलं आणि भिंग दिलं.

"हाई जित्तं शे?"

"जित्तं शे माय. हात मोज त्याना."

त्यांनी एका चांदणीचे हात मोजले. मग दुसरीचे. मग बोट काचेवर टेकवून तिसरीचे. मोजताना ओठ हलत होते.

"आठ," त्या म्हणाल्या. "बठ्ठासले आठच शेतस."

डिंपलने त्यांना सांगितलं की त्यांच्या गळ्यातल्या पोतीत जी दोन लाल पोवळी आहेत, ती अशाच एका आठ हातांच्या प्राण्याची हाडं. जात वेगळी, घराणं एक. लताबाईंचा हात गळ्याशी गेला. पन्नास वर्षं ती पोवळी अंगावर होती. त्यांनी ती मुठीत धरली आणि पुन्हा भिंगातून बघितलं.

"गडवरनी मायले अठरा हात," शेवटी त्या म्हणाल्या. "हाईले आठ. धाकली बहीन व्हई."

"देवी करून टाकली तू तिची," हितेंद्र हसला.

"मी काय करू? हात तिनाच शेतस."

त्या दिवसानंतर घरातली व्यवस्था बदलली. लताबाईंचं स्टूल पेटीसमोर आलं ते तिथेच राहिलं. दुपारची मालिका बंद झाली. शेजारच्या यशोदाबाईंना बोलावून भिंग दाखवण्यात आलं. त्यांनी आठ मोजले आणि पायातल्या चपला बाहेर काढून आल्या. सहा दिवसांनी जाळीचा एक थर निघाला, आणखी सहा दिवसांनी दुसरा. कार्डावर रोज "पूर्ण उघडं" असा शेरा होता. हितेंद्र नवीनला रोज फोटो पाठवायचा आणि नवीन उत्तरात फक्त अंगठा पाठवायचा. पाच मेला त्याने लिहिलं: पुढच्या रविवारी येतो.

नऊ मेला ते मिटलं.

नवीन फोनवर म्हणाला, "परत कात टाकत असेल. हात लावू नको. थांब." रविवारचं येणं त्याने पुढे ढकललं. हितेंद्र थांबला. शनिवारी साय धरली, पण मागच्यासारखी चकचकीत नाही. मळकट, जागोजाग फाटल्यासारखी. रविवारी टोपीची एक कड आत वळली. लताबाईंनी त्या दिवशी जेवण कमी केलं आणि कारण सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी डिंपलला तळाच्या वाळूवर तीन गोगलगायी उलट्या पडलेल्या दिसल्या. तिने त्या चिमट्याने काढल्या. वास आला. दुपारपर्यंत आणखी दोन पडल्या. मासे खात होते, खेळत होते.

तिने नवीनला स्वतः फोन केला. "मासे ठणठणीत, गोगलगायी मेल्या, प्रवाळ मिटलंय. यातून काय निघतं?"

"तांबं," नवीन म्हणाला. "माशांना थोडं चालतं. यांना अजिबात नाही. माझ्याकडे तपासायचं किट आहे, उद्याच्या गाडीने देतो."

किट मंगळवारी एसटीच्या कंडक्टरबरोबर आलं. साडेपाच वाजता डिंपलने काचनळीत पेटीतलं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकले आणि दहा मिनिटं थांबली. पाणी निळसर झालं. रंगांच्या पट्टीशी लावलं: लिटरला एक दशांश मिलिग्रॅम. पाहिजे होतं शून्य.

"दोनशे लिटरमध्ये वीस मिलिग्रॅम," ती म्हणाली. "चिमूटभरसुद्धा नाही. पण आलं कुठून?"

पंपात तांबं नव्हतं. नळ्या प्लास्टिकच्या होत्या. चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, समुद्राच्या पाण्यासाठीच बनवलेलं होतं. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी एका वीस लिटरच्या कॅनमधून आपोआप ठिबकत असे, आणि त्या कॅनमधल्या पाण्याचा रंग नळीत बदलला नाही.

हितेंद्र खुर्चीवर बसला होता. त्याने दोन्ही हात समोर धरले.

"सहा तारखेला आम्ही शेडमध्ये करप्यासाठी फवारणी केली. तांब्याचं बुरशीनाशक. घरी आल्यावर दगड सरळ करायला मी पेटीत हात घातला."

"धुतले नव्हते?"

"धुतले होते. साबणाने. पण नखं..."

डिंपलने हिशेब केला. तिला खोटं सांगता येत नाही. "शक्य आहे," ती म्हणाली.

हितेंद्रने हात खाली घेतले. मग म्हणाला, "उद्या धुळ्याला जाऊन येतो."

"ते मेलेलं नाही अजून."

"नवीनला समोर जाऊन सांगायला पाहिजे. माझ्याच हातांवर विश्वास ठेवून दिलं होतं त्याने."

हे सगळं स्वयंपाकघरात ऐकू जात होतं. लताबाई भांडी घासत होत्या. तो आवाज मध्येच थांबला. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांब्याची कळशी होती, चिंच-मिठाने घासून लख्ख केलेली. त्यांनी ती टेबलावर, किटच्या शेजारी ठेवली.

"तुना हातनं काही नही व्हयनं भाऊ," त्या म्हणाल्या. "मना हातनं व्हयनं."

डिंपलने कळशीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"रातले भरी ठेवं, सकायले टाकं. आंग धुईसन. रोज." "देवनं पानी. दुसरं काय देऊ तिले?"

पंचवीस एप्रिलपासून नऊ मेपर्यंत, रोज सकाळी साडेसहाला, पंधरा दिवस त्या रात्रभर भरून ठेवलेल्या कळशीतलं पाणी पेटीत ओतत होत्या. कळशी तीन लिटरची. म्हणजे पंचेचाळीस लिटर. तेच पाणी घरातले सगळे वर्षानुवर्षं पितात, तुळशीला तेच, देव्हाऱ्यात तेच. पेटीतलं पाणी उन्हाळ्याने उडत होतं आणि तांबं मागे राहत होतं. नऊ तारखेला प्रवाळ मिटल्यावर, त्याला शिवायला नको म्हणून, लताबाईंनी पाणी टाकायचं थांबवलं होतं.

डिंपलने कळशीतलं उरलेलं पाणी नळीत घेतलं. ते गडद निळं झालं.

हितेंद्र उठून पेटीजवळ गेला आणि कार्ड काढलं. आरओचा कॅन आधी दर चार दिवसांनी भरावा लागत होता. चोवीस तारखेनंतर तो दहा दिवस पुरला. तशी नोंद होती, त्याच्याच अक्षरात. शेऱ्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: हवा ढगाळ? कुणाला विचारलं नव्हतं.

"माले काय म्हाईत, तांबानी तिले बाधा व्हस?" लताबाई म्हणाल्या. "तांबं तं पवित्र."

"नही माय. आमलेबी म्हाईत नव्हतं. मी इचाराले पाहिजे व्हतं."

"तू काय इचारशी? तू दिनभर केळीसमा."

ती चूक कुणाची, यावर त्या घरात पुढे चर्चा झाली नाही. रात्रीपासून काम सुरू झालं. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवून रोज पन्नास लिटर पाणी बदलायचं ठरलं. एकदम बदलायचं नाही, ठिबकने. बुधवारी पहिलं बदललं. तांबं शोषून घेणारी गाळणी पुण्याहून मागवली, ती गुरुवारी ट्रॅव्हल्सने आली. शेडनेटचे दोन्ही थर परत दिव्याखाली गेले. पंपाचं तोंड वळवून टोपीवर वाहतं पाणी सोडलं, म्हणजे साय सुटायची असेल तर सुटेल.

हितेंद्र धुळ्याला गेला नाही. त्याने नवीनला फोन केला आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं, कळशीसकट.

नवीन म्हणाला, "लताअक्कांना फोन दे."

त्यांनी फोन कानाला लावला आणि फक्त ऐकलं. दोन मिनिटांनी परत दिला. नवीन काय म्हणाला ते त्यांनी सांगितलं नाही. बुधवार, गुरुवार त्या पेटीकडे फिरकल्या नाहीत. स्टूल भिंतीला लावून ठेवलं होतं. शुक्रवारी सकाळी डिंपलने ते पेटीसमोर ठेवलं आणि प्लास्टिकचा मोजायचा जग त्यांच्या हातात दिला.

"माय, आजपासून कॅनमध्ये पाणी तुम्ही भरायचं. आरओचं. मोजून, रोज पाच लिटर. मला कॉलेजचे पेपर तपासण्यातून वेळ नाही."

लताबाईंनी जगमधलं पाणी चाखून बघितलं. "ना चव, ना पुन्य," त्या म्हणाल्या. "हाईवर ती जगी?"

"तिला हेच लागतं."

"बरं. तिनी मरजी." त्यांनी पाणी मोजलं, ओतलं, कार्डावर डिंपलला आकडा लिहायला लावला आणि मग भिंग मागितलं.

भिंगातून त्या दिवशी काही दिसलं नाही. मळकट साय, आत वळलेली कड, आणि देठाच्या खालच्या बाजूला नखाएवढा पांढरा डाग. तो डाग गुरुवारी नव्हता. शनिवारी तेवढाच होता. शनिवारी संध्याकाळी किटमधला रंग पट्टीवरच्या सगळ्यात फिक्या निळ्याहूनही फिका होता. पूर्ण शून्य नाही. उरलेल्या दोन गोगलगायी काचेवर हलत होत्या.

रविवारी, अठरा मे रोजी, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी टोपीच्या उजव्या कडेला साय फाटली. फाटलेला पापुद्रा पाण्याच्या धारेत फडफडू लागला, पण सुटला नाही. लताबाईंनी हाक मारली. हितेंद्र आणि डिंपल आले. फटीतून आतलं कातडं दिसत होतं, फिकट गुलाबी, जणू कधी उजेडच न बघितलेलं. वीस मिनिटं तिघं उभे होते आणि त्या वीस मिनिटांत फटीतून टाचणीच्या डोक्याएवढी चार टोकं वर आली.

हितेंद्रने व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काचेजवळ धरला.

"कात टाकतंय की कुजतंय?" त्याने विचारलं.

"कुजतानासुद्धा कधीकधी असं फाटतं," नवीन म्हणाला. "फोनवर कळत नाही. वास बघ."

"वास नाही."

"मग सांगता येत नाही. टोकं उघडतात का बघत राहा. मी निघतो." मागे शटर ओढल्याचा आवाज आला. दहाची गाडी त्याला मिळाली, पारोळ्याहून त्याने तसा मेसेज केला.

सव्वाअकरा वाजता टोकं चारच होती. पांढरा डाग होता तेवढाच होता. लताबाई भिंग लावून बसल्या होत्या आणि हात मोजायला अजून एकही टोक उघडलेलं नव्हतं.